तीन वायरींचा पंखा आणि दादारावांची हळद

आमच्या घरातला संगणक त्या एप्रिलमध्ये तीन दिवसांत पाच वेळा बंद पडला. पहिल्या दोन वेळी दोष उन्हाचा आणि धुळीचा होता. उरलेल्या तीन वेळांबद्दल मला जरा सविस्तर सांगावं लागेल.

मी तेव्हा कुरुंद्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. संगणक माझा नव्हता, माझ्या बायकोचा, सुषमाचा होता. तिनं लग्नानंतर रोज एस.टी.नं वसमतला जाऊन संगणकाचा कोर्स केला, मराठी टायपिंग शिकली आणि नांदेडच्या एका बंद पडलेल्या क्लासमधून हे जुनं मशीन उचलून आणलं. गावातले अर्ज, लग्नपत्रिका, बचत गटाची पत्रं असलं सगळं ती करायची. माझं काम म्हणजे ‘आमच्या घरी संगणक आहे’ हे गावभर सांगणं. कुणी काही विचारलं तर मी समजावूनही द्यायचो. मला तो चालू करता यायचा. बंद करायला सुषमाला हाक मारावी लागायची.

त्या वर्षी तिला पहिलं मोठं काम मिळालं. जयंती मंडळानं ठरवलं, यंदा बाबासाहेबांच्या जयंतीला नुसती मिरवणूक नको, गावाची स्मरणिका काढायची. मंडळाचे अध्यक्ष दादाराव. निवृत्त पोस्टमन, वय सत्तरीचं, कपडे कायम पांढरेशुभ्र, कडक इस्त्रीचे. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं पोचवली, पण त्यांचं स्वतःचं अक्षर कुणालाच पोचत नसे. ते फक्त सुषमाला वाचता यायचं.

स्मरणिकेत विहाराच्या बांधकामाची हकीगत होती. चाळीस वर्षांपूर्वी ज्या बायांनी नदीवरून डोक्यावर दगड वाहून आणले, त्यांची नावं कुणीच कुठं लिहून ठेवली नव्हती. ती सगळी एकट्या म्हाताऱ्या गयाबाईला तोंडपाठ होती. सुषमा आठवडाभर तिच्या दारात बसून ती नावं उतरवत होती. कुणाची कोण, कुणाच्या कडेवर तेव्हा कोणतं लेकरू होतं, सगळं. नावं सांगून झाली आणि पंधरा दिवसांनी गयाबाई गेली.

तर अशी ती स्मरणिका होती. नांदेडचा छापखानेवाला सांगून बसला होता की सहा दिवसांत मजकूर आला तर जयंतीला पुस्तक, नाहीतर पुढच्या जयंतीला.

आणि मशीन बंद पडायला लागलं.

त्याच्याही बाजूनं बोलायला हवं. लोडशेडिंगमुळे लाईट यायची ती भर दुपारी अकराला आणि जायची चारला. वर टिनाचं छत. माणसं त्या वेळात लिंबाखाली जाऊन पडत आणि मशीननं मात्र तेव्हाच काम करायचं. बाराच्या सुमाराला ते काहीही न सांगता फट्कन बंद झालं. थोड्या वेळानं चालू केलं, पुन्हा बंद.

सुषमा म्हणाली, “आवो, यात धूळ साचलीय. शेजारी हळदीचा ड्रम चालू झाल्यापासून ही तकलीफ हाय. खोलून साफ करावं लागंल.”

शेजारच्या मोकळ्या जागेत हळद पॉलिश करायचा ड्रम होता. शिजवून वाळवलेली हळकुंडं त्यात घालून फिरवायची, की वरची साल निघून ती चकचकीत होतात. निघालेली साल हवेत उडते आणि ती हवा आमच्या खिडकीतून आत येते. चैत्रात आमच्या घरात पाणीसुद्धा किंचित पिवळं दिसायचं.

पण मी विज्ञानाचा मास्तर. धूळ हे कारण मला फारच साधं वाटलं.

“धुळीचा प्रश्न नाही,” मी म्हणालो. “उष्णतेचं वहन होत नाहीये. आत हवा खेळली पाहिजे. पंखे लागतील.”

“आत पंखा हाय की एक.”

“एकानं काय होतंय?”

माझी आई, जिला आम्ही माय म्हणतो, ती दारात बसून तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, “आपल्याला एक बसवायचा तर तीन उन्हाळे गेले रे गौतम. याला दुसरा लगेच?”

मी शर्ट चढवला आणि नांदेडची गाडी धरली.

नांदेडला दुकानदारानं विचारलं, “पिन कौनसी, सर? चौडी या छोटी?”

पंख्याला पिन असते हेच मला तिथं पहिल्यांदा कळलं. पण मागं दोन गिऱ्हाईकं उभी होती आणि त्यातलं एक माझ्याच शाळेतल्या पोराचा बाप निघालं. अशा वेळी ‘माहीत नाही’ हे दोन शब्द मास्तराच्या तोंडातून निघत नाहीत.

“दोनो,” मी म्हणालो.

“दो मशीन है क्या?”

“ऐसाच समझो.”

दोन पंखे घेऊन मी संध्याकाळी घरी आलो. एकाच्या वायरीला पांढरा, रुंद तोंडाचा, चार भोकांचा कनेक्टर होता. दुसऱ्याच्या वायरीला लहानसा, तीन भोकांचा. सुषमानं दोन्ही हातात घेऊन पाहिले आणि विचारलं, “आत कुठं बसतात ते बघून गेला व्हता का?”

“बसतील,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून अर्धी रजा काढली. अकराला लाईट आली तेव्हा मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन तयार होतो. कॅबिनेटचं झाकण काढलं. आत वायरींचा असा काही गुंता, की माझ्या मनात आलं, झाकण लावून टाकावं आणि धुळीचंच कारण मान्य करावं. पण माय बघत होती.

मागच्या बाजूला पंख्यासाठी जागा होती. चार भोकांचा पंखा तिथं बसवला. पंख्याच्या एका बाजूला आडव्या पट्ट्या आणि कागदाचं लेबल असतं, दुसऱ्या बाजूला नुसती काळीभोर चकचकीत पाती. मी देखणी बाजू बाहेर केली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसली पाहिजे.

सुषमा म्हणाली, “त्याच्यावर बारीक बाण हाय. हवा कुकडं जाती ते दाखवायला.”

“ते कंपनीचं चिन्ह आहे,” मी सांगितलं.

आता कनेक्टर. मशीनमध्ये वीज वाटणारा एक पत्र्याचा डबा असतो. त्यातून तशाच चार भोकांच्या दोनच वायरी बाहेर आल्या होत्या आणि दोन्ही कशात ना कशात खोचलेल्या. एक कशात होती ते मला माहीत नव्हतं. दुसरी कशात होती तेही माहीत नव्हतं. जी हाताला जवळ आली ती काढली आणि पंख्याला जोडली.

बटण दाबलं. पंखा भुर्रकन फिरायला लागला. मी मायकडं पाहिलं. माय पंख्याकडं पाहत होती. सुषमा मात्र स्क्रीनकडं पाहत होती आणि तिचा चेहरा बदलत चालला होता.

“काय झालं?”

“डिस्क सापडत न्हाई म्हणतंय.”

माय म्हणाली, “मंग शोधा की. इथंच कुठं पडली असंल.” आणि ती खरोखर वाकून बाजेखाली बघायला लागली.

सुषमा हसली नाही. ती हळू आवाजात म्हणाली, “सगळी स्मरणिका त्याच्यात हाय. फ्लॉपीवर मी निम्मीच घेतलीय. दगडवाल्या बायांची नावं फ्लॉपीत न्हाईत. वहीसुदिक मी दादारावांला देऊन टाकली आन् त्यांच्या घरी तिच्या पानांचे नातवंडांनी पतंग केले.” मग म्हणाली, “गयाबाई न्हाई आता. कुणाला विचारू?”

पंखा मागं भुर्र भुर्र करत होता. तेवढाच आवाज. मी आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा केला आहे, पण त्याचा वारा असा पायाला लागण्याची ती पहिलीच वेळ.

मी पंख्याची वायर काढली आणि जिथनं घेतली होती तिथं खोचली. तिथं ती निम्मीच जायची. घाम बोटावरून कनेक्टरवर पडत होता. शेवटी सुषमानं माझा हात बाजूला केला, अंगठ्यानं एकदा दाबलं आणि ‘टक’ असा आवाज आला. मशीन चालू झालं. स्क्रीनवर तिची सगळी पानं जशीच्या तशी होती. तिनं आधी शेवटचं पान उघडलं, बायांची नावं वरपासून खालपर्यंत बोट लावून मोजली, ताबडतोब फ्लॉपीवर घेतली आणि ती पानं छोट्या प्रिंटरवरही काढली. मग पदराच्या टोकात फ्लॉपी बांधली.

“आता बस करा,” ती म्हणाली. “धूळच हाय ती.”

इथं शहाणा माणूस थांबला असता. पण माझ्या हातात दुसरी वायर होती, आणि ती सीडीच्या खणाला जाते हे आता मला कळलं होतं. सीडी आमच्या घरी एकच होती, तीही माझ्या चुलत भावाच्या लग्नाची. ती वायर काढून पंख्याला दिली. मशीनही चालू, पंखाही चालू. माझा आत्मविश्वास पाच मिनिटांत पूर्ववत झाला.

मग तीन भोकांचा पंखा. तो समोरच्या बाजूला बसला, पण त्याची वायर लावायची कुठं? हिरव्या मदरबोर्डावर तीन काड्यांची एकच जागा होती आणि तिथं आधीच कुणीतरी बसलेलं. प्रोसेसरच्या डोक्यावरचा तो लहानसा पंखा. बिचारा जुना, मळका, कर्र कर्र वाजणारा. त्याच्या शेजारी माझा नवा पंखा तिप्पट मोठा. मी विचार केला, दोन मोठे आल्यावर या लहानग्याची गरज काय? त्याला काढलं, नव्याला लावलं.

(प्रोसेसर हा मशीनचा मेंदू आणि सगळ्यात जास्त तापतो तोच, हे मी त्याआधी दोन वर्षं मुलांना फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं. फळ्यावर पंखा काढायचा राहिला होता.)

मशीन चालू झालं. मदरबोर्डाला वाटलं, पंखा फिरून राहिला, म्हणजे सगळं बराबर हाय. त्यानं तक्रार केली नाही. दोन मिनिटांनी सगळं बंद. पुन्हा चालू केलं, दीड मिनिटात बंद. तिसऱ्या वेळी सुषमानं गावाचं नाव टाईप केलं, तेही ‘कुरुं’ पर्यंतच.

मी म्हणालो, “आणखी एक पंखा पाहिजे.”

सुषमा उठून चुलीकडं गेली. भांड्यांचा जो आवाज आला त्यावरून मला समजलं की तिसरा पंखा येणार नाही. मी किराणा दुकानातल्या फोनवरून औंढ्याला विलासला बोलावणं धाडलं.

विलास माझा मेहुणा, सुषमाचा धाकटा भाऊ. औंढा नागनाथला त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तो नुसत्या वासावरून ओळखायचा. त्याचं आणि माझं एकच भांडण होतं. मी म्हणायचो, वीज समजायला पुस्तक लागतं. तो म्हणायचा, वीज समजायला एकदा झटका बसावा लागतो. तिसऱ्या दिवशी लाईट यायच्या आधीच तो मोटारसायकलवर हजर झाला.

त्यानं कॅबिनेटात डोकं घातलं. समोरच्या पंख्याच्या वायरी बोटावर घेतल्या. मोजल्या. लाल, काळी, पिवळी.

“दाजी,” तो गंभीरपणे म्हणाला, “थ्री फेज हाय.”

मला माहीत होतं की एवढ्याशा पंख्याला थ्री फेज नसते. पण मग तिसरी वायर कशाला, हे मला माहीत नव्हतं. (ती फक्त पंखा किती वेगानं फिरतोय ते मशीनला कळवायला असते. म्हणजे चुगली करायला.) म्हणून मी नुसतं “हं” म्हणालो. विज्ञानाच्या मास्तराचं ‘हं’ म्हणजे मान्यता, असं विलासनं धरलं.

तेवढ्यात दादाराव आले. त्यांना दुपारच्या गाडीनं हिंगोलीला जायचं होतं, प्रमुख पाहुण्यांना निमंत्रण द्यायला. म्हणून नेहमीपेक्षाही पांढरे. धोतर, सदरा, टोपी, सगळ्याला नीळ दिलेली. काल सुषमानं छोट्या प्रिंटरवर काढून पाठवलेली पानं तपासायला म्हणून ते काखेत घेऊनच आले होते.

“जय भीम, सर. कुठवर आलं?”

“येतंय,” मी म्हणालो. “थोडं तांत्रिक काम चालू आहे.”

“चालू द्या. मी बसतो इथं.”

त्यांनी खुर्ची ओढली ती नेमकी खिडकीपाशी, मशीनच्या मागच्या अंगाला. घरात गारवा जरा तिथंच होता.

अकराला लाईट आली. विलासनं मशीन चालू करून आधी मागच्या पंख्याजवळ हात धरला, मग पुढच्या.

“दाजी, मागचा हवा आत घेऊन राहिला. पुढचा बी आतच घेऊन राहिला. मंग हवा जाईल कुठून?”

हे इतकं बरोबर होतं की मला राग आला. काल देखणी बाजू बाहेर करणारा मीच होतो. कालपासून तो पंखा खिडकीतली हवा ओढून आत भरत होता, आणि खिडकीबाहेर हळदीचा ड्रम.

“पुढचा उलटा फिरवू,” विलास म्हणाला. “थ्री फेजच्या कुठल्या बी दोन वायरी अदलाबदल केल्या की मोटार उलटी फिरती. रोजचं काम हाय आपलं.”

सुषमा भाकरी थापताना आतूनच म्हणाली, “विलास, ती विहिरीवरची मोटार न्हाई.”

“आक्का, मोटार ती मोटार.”

त्यानं सुई घेऊन त्या लहानशा कनेक्टरमधून लाल आणि काळी वायर सफाईनं बाहेर काढली आणि जागा बदलून बसवली. हात खरंच कसबी होता. बटण दाबलं. पंखा उलटा फिरला नाही. सुलटाही फिरला नाही. जागच्या जागी एकदा शहारला आणि त्याच्यातून एक बारीक, निळसर धुराची रेघ निघाली. विलासनं डोळे मिटून वास घेतला.

“जळाला,” तो म्हणाला. निदान अचूक होतं.

मी झटकन बटण बंद केलं. मदरबोर्ड वाचला. का वाचला, हे विलासलाही सांगता येत नाही.

“काय हरकत न्हाई,” विलास म्हणाला. “मागचा तर खोलून पालथा घालता येईल. चार स्क्रू.”

आणि हे मात्र योग्य होतं. आम्ही दोघांनी मिळून मागचा पंखा खोलला, देखणी बाजू आत केली, स्क्रू आवळले. आता तो आतली हवा बाहेर फेकणार होता. आत जे काही असेल ते सगळंच. याचा विचार आम्ही दोघांनीही केला नाही. आत वाकून बघितलं असतं तर दिसलं असतं की मदरबोर्ड आता हिरवा राहिलेला नव्हता.

“लावू का, दाजी?”

“लाव.”

मी दादारावांकडं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ते डोळ्याला चष्मा लावून, पानं खिडकीच्या उजेडात बाजूला धरून, विहाराच्या बांधकामाचं पान वाचत होते.

पंखा फिरला. एक पिवळा लोट मशीनच्या पाठीतून निघाला आणि सरळ दादारावांवर गेला. मला अतिशयोक्तीची सवय आहे, पण इथं तिची गरज नाही. टोपी, भुवया, मिशा, सदऱ्याचा समोरचा भाग, सगळं पिवळं.

दादाराव ओरडले नाहीत. त्यांनी पान खाली केलं, चष्मा काढला (डोळ्यांभोवती दोन पांढरी वर्तुळं) आणि शांतपणे विचारलं, “सर, हे काय व्हतं?”

“हळद,” मी म्हणालो.

“कुणाची?”

मी खिडकीबाहेरच्या ड्रमकडं बोट दाखवलं.

मायनं तांदळाचं सूप खाली ठेवलं. ती पुढं आली, दादारावांना वरून खालून न्याहाळलं आणि म्हणाली, “दादाराव, घरी सांगून आला व्हता का? का नवरदेव व्हऊनच जाता हिंगोलीला?”

दादारावांच्या मिशा हलल्या. ते हसत होते की शिंक आवरत होते ते पिवळ्यात कळलं नाही. मग शिंक आली. मग दुसरी. विलासनं तोंड भिंतीकडं केलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते.

गाडीला तासभर होता. मी सूत्रं हातात घेतली. सदरा काढायला लावला आणि दादारावांना हातपंपावर नेलं. विलास पंप हापसायला. “नुसत्या पाण्यानं जाणार नाही,” मी अधिकारवाणीनं म्हणालो आणि कपडे धुवायच्या साबणाची वडी आणून सदऱ्यावर चांगली घासली.

सदरा लाल झाला.

नुसता लाल नाही, कुंकवासारखा लालभडक. जिथं जिथं साबण लागला तिथं तिथं. दादाराव आपल्या सदऱ्याकडं बघत राहिले. माझ्या डोळ्यासमोर मात्र त्या क्षणी आठवीच्या विज्ञानाचं ते पान आलं. हळदीवर साबणाचं पाणी पडलं की ती लाल होते. दर वर्षी मी वर्गात पांढऱ्या कापडाच्या तुकड्यावर हा प्रयोग करून दाखवायचो. पोरं टाळ्या वाजवायची.

“ही रासायनिक क्रिया आहे,” मी हळूच म्हणालो. “परत पिवळा होईल. लिंबू लावलं की.”

“सर,” दादाराव म्हणाले, “राहू द्या.”

त्यांनी तोंड, हात, मिशा साध्या पाण्यानं धुतल्या. मी माझा पांढरा शर्ट दिला. तो त्यांना पोटावर दोन बटणं कमी पडला. धोतरावर खाली पिवळे शिंतोडे होते ते त्यांनी निऱ्यांत लपवले. तसेच ते हिंगोलीला गेले. जाताना वाटेत त्यांच्या बायकोला दिसले असावेत, कारण संध्याकाळी ती मायकडं येऊन म्हणाली, “आमच्या माणसाला लग्नात बी इतकी हळद लागली नव्हती. तवा महाग व्हती.”

पण ते संध्याकाळी. आम्ही हातपंपावरून घरात आलो तेव्हा दुपारचा एक वाजला असेल. विलास पुढं, मी मागं, दोघांच्याही बाह्या लाल-पिवळ्या. आत टाईप करण्याचा टकटक आवाज येत होता.

सुषमा मशीनपुढं बसली होती. कॅबिनेटचं एक झाकण काढून भिंतीला टेकवलं होतं. शेजारी स्टुलावर घरातला टेबलफॅन. जमिनीवर वर्तमानपत्रावर हळदीचा ढीग आणि त्याच्याशेजारी दाराला रंग द्यायचा जुना ब्रश. प्रोसेसरच्या डोक्यावर तो मळका लहानसा पंखा आपल्या जागी परत आला होता, तिथल्या तीन काड्यांवर बसून कर्र कर्र करत होता. आमचे दोन्ही पंखे, एक जिवंत आणि एक मेलेला, बाजेवर पडले होते.

“किती वेळ चालू आहे?” मी विचारलं.

“तुमी सदरा धुवायला गेल्यापासून.”

“बंद पडलं नाही?”

“न्हाई.”

“काय केलं?”

“धूळ काढली. आन् लहान पंख्याची वायर जिथली तिथं लावली.”

विलास वाकून बघत म्हणाला, “आक्का, मंग आमाला आधी काहून न्हाई सांगितलं?”

सुषमानं ओळ पूर्ण केली, पूर्णविराम दिला आणि मग मान वळवली. “सांगितलं व्हतं. तुझ्या दाजींला दोनदा आन् तुला एकदा.” ती पुन्हा टाईप करायला लागली.

माय तो वर्तमानपत्रावरचा ढीग बोटानं चिवडून बघत होती. “चाळून घेतली तर वरणाला चालंल,” ती म्हणाली. “वाया काहून घालवा?”

विलासनं जळालेला पंखा खिशात घातला. “मी वाइंडिंग करून पाठवतो,” तो म्हणाला. (पाठवला नाही.) मी बाजेवर बसलो. दादारावांनी ठेवलेली पानं उचलली. त्यांच्यावर एका बाजूनं हळद बसली होती. बायांच्या नावांचं पान वर होतं. मी ते पहिल्यांदाच नीट वाचलं. प्रत्येक नावापुढं सुषमानं कंसात एकेक ओळ लिहिली होती. एकीनं नववा महिना असताना दगड वाहिले. एकीनं नवऱ्याला न सांगता. एकीचं नाव गयाबाईलाही आठवलं नव्हतं, तर तिथं लिहिलं होतं, ‘वरच्या आळीतली, डाव्या पायानं अधू, पण रोज आली’. यातलं काल काय काय जाणार होतं, ते तेव्हा मला नीट समजलं. मी उठलो, टेबलफॅनच्या वायरीवर कुणाचा पाय पडू नये म्हणून ती भिंतीकडेनं सरकवली आणि दुसऱ्या कशालाही हात लावला नाही. तेव्हापासून चार वाजेपर्यंत मी सुषमाला फक्त पाणी दिलं. त्या तीन दिवसांतलं माझं सगळ्यात उपयोगी काम तेच.

दोन दिवसांनी स्मरणिका पुरी झाली. दादाराव स्वतः फ्लॉपी घेऊन नांदेडला गेले आणि छापखान्यात ठाण मांडून बसले. जयंतीच्या सकाळी विहारापुढं पुस्तक वाटलं गेलं. ज्या बायांची नावं त्यात होती त्यांच्या लेकी-सुना ते हातात घेऊन वाचता येणाऱ्या पोरींना पुढं करत होत्या, “पाह्य, माझ्या सासूचं कुठं हाय?” प्रमुख पाहुण्यांनी भाषणात सुषमाचं नाव घेतलं. ती मागच्या रांगेत उभी होती, तिला बायांनी ढकलत पुढं आणलं. माय रडली आणि डोळ्यात कचरा गेला म्हणाली.

मी आणि विलास मांडवाच्या खांबाशी उभे राहून पुस्तक चाळत होतो. शेवटच्या पानावर आभार होते. मजकूर, दादाराव. संगणक टंकलेखन, सौ. सुषमा. मुद्रण, अमुक. आणि त्याखाली, वेगळ्या ओळीत, ठळक अक्षरांत:

‘तांत्रिक अडचणी: श्री. गौतम सर, कुरुंदा आणि श्री. विलास वाइंडिंगवाले, औंढा.’

मी पुस्तक घेऊन तडक दादारावांकडं गेलो. म्हणालो, “छापताना चूक झालेली दिसते. ‘तांत्रिक सहाय्य’ पाहिजे होतं इथं.”

दादारावांनी चष्मा चढवला, ओळ वाचली आणि अगदी मायेनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “न्हाई, सर. तेवढी ओळ मी छापखान्यात बसून, सोताच्या डोळ्यानं तीनदा तपासलीय.”

मी परत खांबाशी आलो. विलास अजून तेच पान बघत होता. त्यानं ‘वाईट वाटून घेऊ नका’ अशा नजरेनं माझ्याकडं पाहिलं आणि ओळीवर बोट ठेवलं.

“काही म्हणा दाजी,” तो म्हणाला, “नाव तुमचं पयलं हाय.”